सड्यावरचं गाऱ्हाणं

आचरा,
गौरी-गणपती गेल्यावरचा सोमवार

तीर्थरूप विठूकाकांना नीरजाचा वाकून, दोन्ही हात पायांना लावून नमस्कार. (टपालात निम्मा नमस्कार वाटेतच सांडतो असं तुम्हीच म्हणायचात, म्हणून आधीच थोडा जास्त घातला आहे.)

काकूंचा गुडघा कसा आहे? ओरोसच्या क्वार्टरमध्ये आता पाणी वेळेवर येतं का? तुम्हाला रजा मिळाली नाही, त्यामुळे यंदा आरती कोणी संपवायची हेच कोणाला कळेना आणि ती बराच वेळ चालली. बाकी सर्व क्षेम. पत्राला खास कारण नाही. आपल्या सड्यावर यंदा फुलं कशी आली आहेत, एवढंच कळवायचं आहे.

चवथीच्या आदल्या दिवशी बाबा परसात घसरले आणि त्यांचा पाय मुरगळला. गणपतीवर टांगायच्या माटवीसाठी रानफुलं आणायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी शेजारच्या यशोदेला घेऊन घाटी चढले. (पायवाटेवर शेवाळ होतं. मी दोनदा पडले, पण घरी एकदाच सांगितलं आहे. तुमच्याशी खोटं बोलवत नाही.) वर पोचलो आणि काका, मी उभीच राहिले. एरवी काळाकुट्ट तापणारा तो सड्याचा उघडा कातळ! जिथवर नजर जाईल तिथवर सीतेच्या आसवांचा जांभळा रंग, मध्ये गेंदांचे पांढरे ठिपके, कडेला तेरडा आणि हरणाची पिवळीधमक फुलं. लोक फुलं बघायला दूर कुठे कुठे जातात म्हणे. जावोत बापडे. आपल्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर एवढं सगळं आहे, याचा मला इतका अभिमान वाटला की जणू मीच ती लावली होती.

पहिलं फूल तोडण्याआधी राखणदाराच्या पाषाणापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागणीला सोबतच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, ही आपली रीत. ते आजवर घरच्या पुरुषांनीच घातलं. पण मी कोणाकडे शिकलेली? शाळेच्या पायरीला घाबरायचे तेव्हा तुम्हीच मला पडवीत बसवून शिकवलंत, आणि धडा पाठ झाला की बक्षीस म्हणून गाऱ्हाणं म्हणू द्यायचात. मी पदर खोचला आणि सुरू केलं. एक शब्द अडखळला नाही. बाबांचा पाय, काकूंचा गुडघा, यशोदेची म्हैस, सगळं रीतसर मागितलं. मग वाटलं, देवापुढे उभं राहून मनातलं लपवणं बरं नव्हे. म्हणून शेवटी खड्या आवाजात म्हटलं, "बा देवा राखणदारा म्हाराजा, सावंतवाडीच्या कॉलेजात शिकवणारो परुळ्याचो सत्यवान, तेचा जां काय स्थळ माका इलां आसा, तां तेच्याच तोंडान मोडून टाक रे म्हाराजा!"

(देवाची गफलत नको म्हणून गाव आणि नोकरी दोन्ही सांगितली. त्याच्याच तोंडाने अशासाठी की बाबांचा शब्द जाऊ नये. आणि मोडावं अशासाठी की मध्यस्थ काशीराममामा म्हणाले होते, त्यांच्याकडे नोकरीवाली सून चालत नाही. माझी शाळा मी कशी सोडू, काका? पहिलीतली निम्मी मुलं माझ्यासारखीच पायरीवर रडतात.)

यशोदेने नेमका तेव्हाच अख्खा लाडू तोंडात घातला होता. पण पाषाणापलीकडून एकदम पंधरा-वीस गळ्यांनी आवाज दिला, "होय म्हाराजा!"

दगडाआडून एकेक डोकं वर येऊ लागलं. कॉलेजची मुलंमुली भिंग घेऊन, पालथी पडून, कातळावरची फुलं बघत होती. गाऱ्हाणं कानावर पडल्यावर आपल्याकडचा माणूस होकार दिल्याशिवाय राहतो थोडाच! सगळ्यांच्या शेवटी कोपरांना चिखल लागलेले त्यांचे सर उठले. मुलं एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे.

"तो सत्यवान मीच. आवाज माझोव होतो त्यात," ते म्हणाले. "मोडूक हरकत नाय. पण कारण तरी कळांदे."

"माका शाळा सोडूची नाय."

"सोडूक कोणी सांगल्यान? माझी आवसच मास्तरीण आसा!"

यशोदा लाडू गिळून म्हणाली, "गो बाय, माका जरा गिळूक तरी दिवचा होता!"

मग त्यांनी मला भिंगातून सीतेची आसवं दाखवली. इवल्याशा फुलाला केवढी ती ऐट! आणि मी गेंदांवरच उभी आहे हेही दाखवलं. मी तिथल्या तिथे चपला काढल्या, तर त्यांनीही काढल्या, आणि सगळ्या कॉलेजला काढायला लावल्या. माटवी अशी भरली की सगळी वाडी बघून गेली.

तर अशी यंदा फुलं आहेत. काकूंना नमस्कार. प्रसाद एस.टी.च्या कंडक्टरकडे दिला आहे, तो उतरवून घ्यावा.

आपली आज्ञाधारक,
नीरजा

ता. क. येत्या रविवारी नारळ घेऊन सड्यावर याल का? ते म्हणतात, राखणदारासमोर स्थळ मोडायला होकार दिला आहे, तो फिरवून मी लग्नाला हो कसं म्हणू? (माझ्यासारखेच आहेत, काका. मनाला लावून घेणारे.) घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायला घरचा वडीलधारा लागतो. बाबांना घाटी चढवत नाही, आणि मी काय मागितलं हे त्यांना कळता कामा नये.

ता. क. २. चुकीच्या का होईना, माझ्या पहिल्याच गाऱ्हाण्याला देव लगेच पावला, एवढं लक्षात असू द्यावं.

ता. क. ३. नवीन गाऱ्हाण्यात तुम्हाला हवं ते घाला, पण शाळेचं वाक्य गाळू नका. त्यालाच मोठ्याने 'होय म्हाराजा' म्हणायला ते सगळी मुलं घेऊन येणार आहेत. त्यांची मास्तरीण आईही.