दाराच्या खुंटीवरचं जॅकेट

रविवार, संध्याकाळ

झाली एकदाची सुरुवात! लेदरची, रबराची, बुटांची ओढ असलेल्या आम्हा लोकांची संघटना आज माझ्या सिडकोतल्या हॉलमध्ये स्थापन झाली. बाई, पुरुष, तृतीयपंथी, सगळ्यांची. आणि पहिल्याच नियमाला मी माती खाल्ली.

लेदरचं जॅकेट मी मुद्दाम दाराच्या खुंटीवर लावलं होतं, झेंड्यासारखं. नियम वाचला: बैठकीला येताना प्रत्येकानं लेदरचं काहीतरी घालायचं. पाचोडची संघमित्रा उंबऱ्यातच थांबली. "आमच्या आजोबांनी धम्म घेतला अन् मेलेली ढोरं ओढायचं, सोलायचं सोडलं. आता तेच कातडं घातल्याबिगर तुमच्यात येता येत नाय व्हय?"

मला हे सुचलं कसं नाही? माझ्यासाठी जॅकेट म्हणजे हौस, कारण आमच्या घरात ते काम कुणाला करावंच लागलं नाही. नियम तिथंच खोडला.

मग तिनं पिशवीतून कोपरापर्यंतचे काळे रबरी हातमोजे काढले, ऐटीत चढवले. "माझी आवड ही. चालतंय का?" सगळे हसले. ती आत येऊन बसली, त्याच हातांनी चहाचा कप उचलला.

मी घाईनं खुंटीवरचं जॅकेट काढून कपाटाकडं निघालो. चेहरा पडला असणार माझा.

"कोंडू नको त्याला," ती म्हणाली. "अंगात घाल की. फक्त दारावर नको."

लई उकडतंय. पण अजून अंगातच आहे.