आठ मिनिटांत न मावणारी छाती

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार, मामींनाही. पत्र पोचेल तेव्हा तुमची तब्येत उत्तम असेलच. फक्त खोकला अजून गेलेला नसावा, अशी आशा बाळगतो. (असं का लिहिलं ते शेवटी कळेल. तोवर रागावू नये आणि मामींना हे वाक्य वाचून दाखवू नये.)

पेच असा आहे. इस्पितळाने आणखी पाच वर्षांचा करार पुढे केलाय आणि शुक्रवारपर्यंत सही हवी आहे. दुसरीकडे एका शिंप्याच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. तिथे स्वतःचा दवाखाना काढावा, असं गेलं वर्षभर मनात घोळतंय. तुमच्या सूनबाईंचं म्हणणं, इस्पितळात पगार येतो आणि त्या खोलीत नुसता वारा येतो, तेव्हा नीट विचार करा. मी विचार करायला बसलो की मला डुलकी लागते, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

दोष तुमचाच. शाळा सुटल्यावर मी तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसायचो, तेव्हा तुम्ही एकेक घड्याळ कानाला लावून डोळे मिटायचात आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. मला वाटलं, ऐकायचं ते असंच. पुढे छातीचा डॉक्टर झालो तरी सवय तीच. नळी कानात गेली की डोळे मिटतात आणि मी कुठल्या कुठे जातो. एखाद्या छातीत वाळक्या पानांवरून कुणी चालत असतं, एखादीत दूर बांधलेली होडी दोराला करकरत असते. इस्पितळात मात्र एका पेशंटला आठ मिनिटं. संगणकाच्या कोपऱ्यात एक हिरवा चौकोन असतो, तो आठव्या मिनिटाला लाल होतो. दोन महिन्यांपूर्वी एक पोहण्याचे शिक्षक आले. मी पाठीमागे उभा राहून त्यांना श्वास रोखायला सांगितलं आणि नळी लावली. आत इतकी सुरेख शांतता, की तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटलं. बऱ्याच वेळाने ते अगदी नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, आता सोडू का?" व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. वाटलं, माणूस गुदमरता गुदमरता वाचला म्हणून बोलतील. (त्याचं त्यांना काहीच नव्हतं.) अकरा मिनिटं लागली, हा गुन्हा.

म्हणून गेल्या महिन्यात आठवड्याची रजा काढली आणि बसून तर बघावं म्हणून ती खोली मागून घेतली. खाली पुठ्ठ्याची पाटी, वर एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत झाड आणि खालून शिलाई मशीनची घरघर. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी शिंपी आला आणि पडद्याचं माप घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोट खुंटीला लावला, वारा लागावा म्हणून खिडकीजवळच्या पेशंटच्या खुर्चीत बसलो आणि डोळा लागला. जाग आली तर शेजारच्या खुर्चीत एक बाई स्वेटर विणत बसलेल्या. डॉक्टर अजून यायचेत वाटतं, म्हणाल्या, मीही थांबते.

खरं सांगायला हवं होतं. पण त्यांनी बोलायला सुरुवातच इतकी छान केली, की मध्ये तोंड घालवेना. धाप कधीपासून लागते, जिन्याच्या कितव्या पायरीवर टेकावं लागतं, मोठ्या इस्पितळात तीनदा जाऊन आल्या, तिथला डॉक्टर पाठीमागे उभा राहून झोपा काढतो, सगळं सांगितलं. ओघात बहिणीने परगावी जाताना ठेवलेले दोन पोपट आले. (धाप त्यानंतरची.) हे त्या डॉक्टरला सांगितलंत का, असं मी विचारलं.

"अहो, डॉक्टरला काय पोपटांचं सांगायचं?"

मग मी उठलो, कोट घातला, नळी लावली. मामा, ती पाठ मी ओळखली. चेहरा कधी नीट बघितला नव्हता, पण ती वाळकी पानं तीनदा ऐकली होती. पोपटांच्या पिसांची धूळ छातीत बसत होती, हे पुढे तपासण्यांत निघालंच. तीन भेटी, चोवीस मिनिटं, आणि घरात कोण कोण असतं एवढं मी विचारलं नव्हतं. कोट घातल्यावर बाईंनीही मला ओळखलं. मग विणकाम गुंडाळत म्हणाल्या, "जागे असलात की बरे वाटता." पोपट आता बहिणीकडे परत गेलेत. बाई परवा जिना चढून आल्या त्या एकदाच टेकून.

तरीही माझा निर्णय काही होत नाही. तुम्ही वडीलधारे, सांगाल ते करीन.

तुमचा,
दुकानात झोपणारा भाचा

ता. क. करार सही न करता कालच परत पाठवला. वरच्या वाक्याकडे लक्ष देऊ नये. अडचण एवढीच, की तीन खुर्च्या फार रिकाम्या दिसतात. तेव्हा तुम्ही आठ दिवस येऊन बाहेर बसावं आणि खोकावं. तुमचा खोकला रस्त्यापलीकडे ऐकू जातो. लोकांना वाटेल, डॉक्टरकडे गर्दी आहे.

आणखी एक ता. क. ते खोकायचं तुम्हाला घराबाहेर काढण्यापुरतं लिहिलं. दोन वर्षं मी छाती दाखवायला या म्हणतोय आणि तुम्ही म्हणता, तुझ्या इस्पितळात घड्याळ लावून माणूस बघतात, मी नाही येत. इथे भिंतीवर घड्याळ नाही. खिळा तेवढा ठोकून ठेवलाय. येताना तुमच्या आवडीचं एखादं आणा, लावू. पण आधी तुम्हाला ऐकीन, आणि डोळे उघडे ठेवून.