व्यंकटरावांचा दहावा

श्री
झरी, चैत्र वद्य ३, शके १८५९

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या हेमाचा शि. सा. न. वि. वि.

येथे सर्व खुशाल आहे असं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिते. परभणीला तुम्ही आणि वहिनी सुखरूप असाल. वहिनींनी पाठवलेल्या कुरडया पोचल्या. त्यातल्या निम्म्या लीलानं कच्च्याच खाल्ल्या.

आता खरं लिहिते. इकडच्या स्वारीनं संन्यास घ्यायचं ठरवलं आहे. हसू नका. पर्वणीच्या स्नानाला गंगाखेडला जाणं झालं, तिथे घाटावर एक महाराज भेटले. त्यांनी तोंडाकडे पाहताच सांगितलं की हा मागल्या जन्मी काशीचा पंडित, मोक्षाला थोडा कमी पडला म्हणून झरीत जन्मला. काशीहून एकदम झरी म्हणजे फारच घसरण झाली, असं मी म्हणाले, ते आवडलं नाही. तेव्हापासून घरात कशालाही एकच उत्तर आहे. बैल लंगडला, त्याचं कर्म. वरण करपलं, माझं कर्म. परवा स्वतःची दाढ दुखली तेव्हा मात्र कर्म नव्हतं, मी कातरलेली सुपारी जाड होती.

पहाटे उठून ओसरीवर डोळे मिटून बसणं चालू आहे. सासूबाई मधूनमधून डोकावतात आणि काही दिसलं का म्हणून विचारतात. आमच्या शेतात कामाला येणारी दगडाबाई परवा अंगणातून बघत राहिली आणि म्हणाली की मालकाला झोप लागलीय, देव बिव काय न्हाई, तोंड उघडं हाय.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण महाराजांनी आणखी एक सांगितलं. आमचा बाळू गेल्या श्रावणात गेला तो बापाच्या मागल्या जन्मीच्या पापापायी, असं. दादा, तुम्ही त्याला पाहिलं होतंत. त्याला अजून धड चालता येत नव्हतं. त्या महिन्यात गावात पटकी आली, घरोघरची माणसं गेली. त्या सगळ्यांचेच बाप काशीचे पंडित होते का? मला कर्म कळत नाही. एवढं कळतं की इकडून घर सोडून जाणं झालं तर नवरा जिवंत असून मी विधवा होईन, आणि लीलाला बाप असून नसेल.

संन्यासाला बायकोची संमती लागते म्हणे. रोज जेवताना ती मागणं होतं. मी रोज म्हणते, ताक वाढू का. उत्तर लवकर पाठवा, ताकावर किती दिवस निघतील सांगता येत नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ ताकासारखा पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची
हेमा

॥ श्री ॥
परभणी, चैत्र वद्य ८

चि. सौ. हेमास मार्तंडाचे आणि वहिनीचे मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र अदालतीत हाती पडलं. हसू नका असं लिहिलं होतंस ते वाचेपर्यंत हसून झालं होतं, आणि पेशकारसाहेब चष्म्यावरून बघायला लागले होते. बाळूचं वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. पुढचं घरी येऊन वाचलं.

मी साधा अहलकार, कारकूनच म्हण, दिवसभर मुकदम्यांच्या मिसलींचे कागद इकडून तिकडे ठेवणारा. तरी कर्माचा मुकदमा समजून घ्यायचा प्रयत्न केला. गुन्हा मागल्या जन्मी झाला. तो करणारा मेला, साक्षीदार मेले, मिसल कुणी पाहिलेली नाही. शिक्षा आता, तीही दुसऱ्याच माणसाला, आणि गुन्हा कोणता ते त्याला सांगायचं नाही. असा फैसला आमच्या मुन्सिफसाहेबांनी दिला तर दुसऱ्या दिवशी हैदराबादेहून तार येईल. मोक्षाचंही तसंच. ज्याला मिळतो तो परत येत नाही, मग मिळाल्याची पोच कोण देणार?

मी शहाणपणानं लिहितो आहे, पण खरं विचारशील तर माणूस जगतो कशासाठी हे मलाही ठाऊक नाही. सकाळी अदालतीत जातो, संध्याकाळी भाजी घेऊन येतो. त्यात काही अर्थ असलाच तर मला अजून दिसलेला नाही. म्हणून भाजी आणायचं सोडावं असं मात्र कधी वाटलं नाही.

माझा सल्ला असा की संमती देऊन टाक. दचकू नकोस. तू अडवत राहशील तोवर त्यांचा सगळा वेळ तुझ्याशी झुंजण्यात जाईल, आणि खरंच जायचं आहे का हे स्वतःला विचारायचं राहून जाईल. अट एकच घाल, की सगळं शास्त्राप्रमाणे, गावादेखत, काही न गाळता झालं पाहिजे. संन्यास घेणाऱ्याला आधी स्वतःचं श्राद्ध स्वतः करावं लागतं. आपलाच पिंड आपल्या हातानं वळायला बसलं की भलाभला विचारात पडतो.

लीलाला कुरडया तळून दे. सासूबाईंना नमस्कार. आमची आठवण ठेवशीलच, त्याची ताकीद नको.

तुझा
मार्तंडदादा

॥ श्री ॥
झरी, चैत्र वद्य १२

रा. रा. मार्तंडराव यांसी, ज्या देहाला जग व्यंकटराव म्हणते त्या देहाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या भगिनीने संमती दिली. इतकी चटकन देईल असे वाटले नव्हते. मन थोडे खट्टू झाले, पण तोही मोहच. वैशाख शुद्ध षष्ठीचा दिवस ठरला आहे. आमचे भुजंगभट सर्व करतील. त्यांनी आजवर कोणाला संन्यास दिलेला नाही, परंतु माणूस घर सोडून जातो तेव्हा काय करायचे ते त्यांना तोंडपाठ आहे असे म्हणाले.

पुढील वस्तू परभणीच्या बाजारातून पाठविण्याची कृपा व्हावी. वस्त्रे रंगविण्यास काव. खडावा एक जोड, टाचेला रुंद, कारण उजव्या पायाला कुरूप आहे. निर्मोही माणसाला तपकीर कोणतीही चालते. तरी स्टेशनाजवळच्या दुकानातली काळी मिळाल्यास बरे, आणि डबी घट्ट झाकणाची पाहावी.

मार्तंडराव, मला मोक्षाची फार घाई आहे असे समजू नये. बाळू माझ्यामुळे गेला. महाराज म्हणाले, पाप अजून फिटलेले नाही आणि घरात दुसरे लेकरू आहे. पुढे ते बोलले नाहीत आणि मला विचारण्याचा धीर झाला नाही. मध्यंतरी लीला तापली होती. मी ओसरीवरून आत पाऊल टाकले नाही. मी लांब गेलो तर माझे जे काही आहे ते माझ्या मागे येईल, घरात राहणार नाही. हे सौ.ला कळू देऊ नये. तिला वाटू द्यावे की मला ज्ञान झाले आहे.

लोभ धरावा असे लिहिण्याचा अधिकार आता राहिला नाही, तरी धरावा.

आपला
व्यंकटराव (षष्ठीपर्यंत)

॥ श्री ॥
परभणी, वैशाख शु. २

चि. सौ. हेमास अनेक आशीर्वाद.

काव, खडावा आणि तपकीर बंडीवाल्याबरोबर पाठवतो आहे. त्यासोबत एक गोष्टही पाठवतो, जी तुला सांगू नये असं व्यंकटरावांनी बजावलं आहे. अदालतीत शपथ मोडली तर शिक्षा आहे, मेहुण्याची मोडली तर नाही. त्यांना ज्ञानबिन काही झालेलं नाही. ते घाबरले आहेत. आपण घरात राहिलो तर आपल्या पापानं लीलाही जाईल असं त्यांच्या मनानं घेतलं आहे. तुम्हा दोघींना वाचवायला ते चालले आहेत.

मी त्यांना डोक्यात हवा गेलेला माणूस समजून सल्ला दिला, आणि आता माझीच झोप उडाली आहे. इकडे रजा मिळत नाही. संमती मागे घ्यायची की कसं ते तूच ठरव, माझ्या अकलेवर विसंबू नकोस.

काळजीत असलेला
दादा

श्री
झरी, वैशाख शु. ७

तीर्थरूप दादांना हेमाचा शि. सा. न. वि. वि.

काल ओढ्याकाठी सगळं झालं. म्हणजे झालं नाही. सांगते.

भुजंगभटांना माणूस घरातून कायमचा जाण्याचा एकच प्रकार ठाऊक. त्यांनी पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंतचं सगळं एका सकाळीत आटोपलं, पिंड मांडला आणि कावळ्याला हाका मारायला सुरुवात केली. संन्यासात कावळा नसतो, असं इकडून हळूच सांगणं झालं, तर ते म्हणाले की मेलेल्यानं मध्ये बोलायचं नाही.

डोक्याचा गोटा, मिशी गेलेली, अंगावर पंचा, आणि वरून वैशाखाचं ऊन. कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही खाली येईना. आता दहाव्याला कावळा शिवला नाही की मेलेल्याची काही इच्छा राहिली असं धरून वचनं देतात, तसं सुरू झालं. फरक एवढाच की ज्याची इच्छा ओळखायची तो समोर बसून ऐकत होता. सासूबाईंनी हात जोडून कबूल केलं की दर श्राद्धाला पुरणपोळी करीन. कावळा हलला नाही, पण इकडे आवंढा गिळलेला मी पाहिला. भुजंगभटांनी सांगितलं की शेजारच्याशी बांधाचा तंटा आहे तो तुमच्या बाजूनं मिटवू. मग दगडाबाई पुढं झाली आणि म्हणाली की मालक, काय मनात असंल ते सोडा अन् त्या कावळ्याला यिऊ द्या, माणसं उन्हात मरायलीत.

शेवटी भुजंगभट दर्भाचा कावळा करायला निघाले. मी म्हटलं, माणूस खरा चालला आहे, कावळाही खराच हवा. ते वैतागून म्हणाले की मग तूच काय ते बोल. संन्याशाशी बायकोनं बोलायचं नसतं, म्हणून मी कावळ्याशी बोलले. मी त्याला सांगितलं की माझा बाळू पटकीनं गेला. कुणाच्या पापानं नाही गेला. लीला तापली ती कैऱ्या खाऊन, आणि आता बघ, तिथे उड्या मारते आहे. या माणसाला वाटतं की तो जवळ असला की लेकरं मरतात. तोही गेला तर मला एकाऐवजी दोघांचं रडायला लागेल, आणि माझ्यात तेवढं उरलेलं नाही. दादा, माझा आवाज फार चढला होता. सगळा गाव ऐकत होता, मला लाज वाटली नाही.

तेवढ्यात एक कावळा खाली उतरला. सगळ्यांनी हात जोडले. तो उड्या मारत पिंडापाशी आला, मान वाकडी करून चोच खाली नेली, आणि इकडून ढेकूळ उचलून त्याला फेकून मारणं झालं. नेम चुकला, ढेकूळ भुजंगभटांच्या तांब्याला लागलं. मग पंचा सावरत, हाड् हाड् करत कावळ्यामागे पार पाण्यापर्यंत धावणं झालं. मेलेला माणूस स्वतःच्या कावळ्याला हाकलतो आहे, हे झरीत कुणी पाहिलं नव्हतं. आणि मग तिथेच वाळूत बसून रडणं झालं, मोठमोठ्यानं. श्रावणापासून डोळ्यांना पाणी आलेलं नव्हतं. मी जाऊन शेजारी बसले.

भुजंगभट कालपासून पोथ्या चाळत आहेत. श्राद्ध झालेल्यानं कावळा हाकलला तर तो मेला की जिवंत, हे त्यांना सापडत नाही. मी कुंकू लावायचं की नाही विचारलं तर म्हणाले उद्या बघून सांगतो. मी लावून टाकलं. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या, त्या चार खाणं झालं, तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला.

तुमच्या मायेचं बळ होतं म्हणून बोलू शकले. ती अशीच असू द्यावी.

तुमची
हेमा

॥ श्री ॥
झरी, वैशाख वद्य २

रा. रा. मार्तंडराव यांसी नवजात व्यंकटरावाचा नमस्कार वि. वि.

भुजंगभटांना शेवटी आधार सापडला. ज्याचे श्राद्ध झाले आणि जो तरीही उरला, त्याने पुन्हा जन्म घ्यावा, आणि बारशापासून लग्नापर्यंत सर्व संस्कार नव्याने करून घ्यावेत. त्याप्रमाणे बारसे झाले. पाळण्यात डोके तेवढे मावले. दगडाबाई बघून म्हणाली की लेकरू लय थोराड हाय. नंतर मुंज झाली. पुढचा जन्म चुकवायला निघालो होतो, तो हातोहात मिळाला, आणि तोही झरीतच. बढती नाही.

आता लग्न राहिले. ते पूर्वीच्याच पत्नीशी करावे असे शास्त्र आहे. परंतु वधू विचार करून सांगते म्हणाली, त्याला आठवडा होत आला. तोवर मी ओसरीवर झोपतो. लीला माझे ताट आणून देते आणि समोर बसून माझे पाठांतर घेते, कारण आता मी तिच्यापेक्षा लहान आहे. आपण थोरले बंधू, चार शब्द लिहिलेत तर उपकार होतील. लोभ पुन्हा नव्याने करावा.

आपला
व्यंकटराव

श्री
झरी, वैशाख वद्य ६

तीर्थरूप दादांच्या पायांशी हेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं रदबदलीचं पत्र आलं. ते येण्याच्या आदल्या दिवशीच उत्तर देऊन झालं होतं, त्यामुळे तुमचं टपाल फुकट गेलं.

इतके दिवस का लावले असं वहिनींनी विचारलं आहे. वहिनी, पहिल्या लग्नात मी नऊ वर्षांची होते आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. या वेळी भुजंगभट ओसरीवर येऊन रीतसर विचारून गेले. मला ते फार आवडलं, म्हणून जरा पुरवून घेतलं.

परवा मी स्वतः ओसरीवर गेले. मागल्या जन्मी आपण कोण होतो आणि पुढल्या जन्मी कोण होणार, त्यातलं मी काही विचारलं नाही. मी एवढंच विचारलं की उद्या पुन्हा घरात लेकरू आजारी पडलं तर कुठे जाल. मग म्हणाले की आधी त्याच्यापाशी बसेन, आणि उजाडलं की बंडी जुंपून परभणीच्या दवाखान्यात नेईन.

मी हो म्हणाले.

लग्न ज्येष्ठ शुद्ध तृतीयेला आहे. कन्यादानाला तुम्ही दोघांनी यायचंच, रजेची सबब चालणार नाही.

तुमची
हेमा