ट्रेगिअर घरी आला तेव्हा

नीउ-व्हेनेप
२० जानेवारी २०२१

प्रिय संहिता,

रोज फोनवर बोलतो आणि आज पत्र कशाला, असं म्हणशील. सावकाश वाच. जोडाक्षर अडलं तर मोठ्याने वाच, ऐकलं की तुला कळतं. वाचून झालं की हात धू.

इकडे धुकं आहे. विमानं जवळपास बंदच, त्यामुळे रुग्णवाहिका फार लांबून ऐकू येते. पूर्वी विमानांच्या आवाजात ती कधी आली, कधी गेली, कळायचं नाही. आता कुठल्या गल्लीत वळली तेही कळतं. बाबांना नेलं त्या दिवसापासून मला हा नको तो कान आला आहे. एप्रिलला वर्ष होईल. त्यांच्या खुर्चीवर मी कागद ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

कागद ट्रेगिअरचे. आई, तुझा पाद्री काय म्हणतो, असं तू विचारतेस आणि मी काहीतरी गमतीचं सांगते. आज नीट सांगते. हा जोसाया ट्रेगिअर इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा. आपण राहतो तिथे तेव्हा मोठं तळं होतं. त्याचं पाणी उपसायला वाफेची यंत्रं आली, त्यांच्याबरोबर हा बॉयलरवर काम करायला आला. मेथडिस्ट होता. त्या पंथात चर्चवाचून अडत नाही. तो गोठ्यात, कोळशाच्या शेडमध्ये उभा राहून प्रवचन द्यायचा. जमीन कोरडी झाली आणि तो इथेच राहिला. त्याच्या रोजनिशा, प्रवचनं, त्याला आणि त्याच्याविषयी आलेली पत्रं इथल्या इतिहासमंडळाने जपली, पण त्याचं इंग्रजी अक्षर कुणाला लागेना. मी अकरावीपर्यंत शिकलेली बाई. बाबांच्या वर्तमानपत्रांवर इंग्रजी आणि तुझ्या चित्रांच्या पुस्तकांवर डच शिकले. बाबा म्हणायचे, सरला औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा गोष्टीसारखं वाचते. पहिल्या टाळेबंदीत मंडळाने त्या कागदांच्या प्रती माझ्याकडे पाठवल्या त्या म्हणूनच.

१८६६ साली या भागात कॉलरा आला. ट्रेगिअर घरोघर जायचा, आजाऱ्याचा हात हातात घेऊन बसायचा. त्याला तेच येत होतं. डॉक्टरने हटकलं तर लिहितो, हात न धरता प्रार्थना सांगू कशी? मला ते पटलं होतं. त्याच सुमाराला त्याच्या बायकोचे, हॅनाचे, दिवस भरत आले होते. म्हणून तो यंत्रघरात झोपायचा, घरी जायचा नाही. इथपर्यंत तुला सांगितलं होतं.

मग संक्रांत आली. बाबा गेल्यावर मला हळदीकुंकवाचं बोलावणं येणार नाही, हे मी धरूनच चालले होते. तर पलीकडच्या गल्लीतली शलाका दारात येऊन म्हणाली, काकू, ते जुनं सगळं आमच्याकडे चालत नाही, तुम्ही आलात तरच वाण लुटणार. मी म्हटलं, अगं, दोनच पाहुण्यांची परवानगी आहे. तर म्हणाली, पाच जणी तरी नकोत का? आणि पोलीस काय तिळगूळ मोजायला येणार? हसलो आम्ही. मास्क लावून गेले. पण मास्क लावून तिळगूळ खाता येत नाही, आणि कुंकू लांबून लावता येत नाही. शलाका जवळ आली, तिने माझी हनुवटी धरली आणि कपाळावर बोट टेकवलं. संहिता, बाबा गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. तूही तुझ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून लांब बसतेस, ते बरोबरच आहे. मी मागे सरायला हवं होतं. मी पुढे झाले.

सोमवारी शलाकाचा फोन आला. आवाज बसलेला. काकू, तुम्ही बऱ्या आहात ना, एवढंच दोनदा विचारलं.

त्या दिवशी मी ट्रेगिअरचं पुढचं पान लावलं. हॅनाने निरोप पाठवला होता, मला भीती वाटते, घरी या. पहिलं बाळंतपण, तिची आई समुद्रापलीकडे. तो लिहितो, अंगात थोडी कसर आहे, पण ती बोलावते. गेला. पुढच्या पानांवर तारखा आहेत आणि तारखांखाली काही नाही. मग मजकूर पुन्हा सुरू होतो तो पेरणीच्या दिवसांत, एकट्या माणसाचा. बायकोचं नाव नाही, बाळाचं नाही. मुलगा होता की मुलगी, तेही कळत नाही. तो स्वतः मात्र म्हातारा होईपर्यंत जगला. त्याच्याविषयी तक्रारीचं एक पत्र आहे. हा गृहस्थ गर्विष्ठ झाला आहे, आजाऱ्याच्या खोलीत येत नाही, अंगणातून ओरडून प्रार्थना सांगतो. गर्विष्ठ नव्हता गं तो.

आता लिहिते कशासाठी ते. काल तपासणीच्या तंबूत जाऊन नाकात काडी घालून घेतली. आज उत्तर आलं. मला झाला आहे. ताप आहे, आणि सकाळी फोडणीत हिंग घातला तर वासच आला नाही. हे पत्रसुद्धा शेजारीणच पोस्टात टाकणार आहे. शनिवारी मला न्यायला जावयाला, प्रतीकला, पाठवू नकोस. लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आई आली नाही, असं लोक म्हणतील. तुलाही राग येईल. येऊ दे. डिंकाचे लाडू केलेले नाहीत. माझ्या हातचं काहीच आत्ता तुझ्या घरात यायला नको. बाळंतपणानंतर घरी येणारी नर्स तुला तेल लावून न्हाऊ घालणार नाही, पण बाळाला कसं धरायचं ते शिकवेल. तिचं ऐक. हे सगळं सकाळी फोनवरच सांगणार होते. तर तू लहानपणीसारखं डचमध्ये म्हणालीस, मामा, कोम नाउ, आई, ये ना. आणि मी येते म्हणून फोन ठेवला. ते खरं धरू नकोस. मला माझा भरवसा नाही. कळा सुरू झाल्याचं कानावर आलं आणि मी गाडी पकडून आइंडहोवनला आले, बेल वाजवली, आता बरी आहे म्हणाले, अगदी रडले, तरी दार उघडू नकोस.

लांबूनच, पण तुझीच,
आई