बापूंनी आणलेली यशोदा

वाई,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. उदयसिंहदादांना,
संयोगिताचा नमस्कार.

वहिनींच्या गुडघ्याचं तुमच्या ऋचाकडून कळलं. काठी घ्यायची त्यांना लाज वाटते म्हणे. त्यांना सांगा, मी दोन वर्षं घेते आहे आणि मंडईत मला आधी भाजी देतात. इथे घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे, मांडवातल्या आवाजानं दुपारची झोप गेली. बाकी तब्येत ठीक.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून पत्र. देवघरातल्या यशोदेबद्दल इटलीहून चौकशी आली आणि मी तुम्हाला न विचारता तिला उत्तर दिलं, त्याला आठ महिने झाले. तुमचा राग समजतो. मूर्ती परत जाऊ नये म्हणून साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत तुम्ही दिलेला हरकतीचा अर्जही वाचला. "सदर मूर्ती तेथील देवळाच्या राखणदाराने आमच्या वडिलांना राजीखुशीने भेट दिली." तुमचा दोष नाही. आपण लहानपणापासून हेच ऐकत आलो. दुसऱ्या महायुद्धात बापूंच्या पलटणीनं इटलीतलं ते गाव सोडवलं, तिथल्या चर्चच्या राखणदारानं ही दीड वितीची लाकडी बाई त्यांच्या हातात ठेवली, आणि कडेवरचं पोर बघून आईनं तिला यशोदा म्हणून देवघरात बसवली. आई जाताना ती माझ्याकडे देऊन गेली.

परवा लुचियाबाई आल्या. ऋचानं मोबाईलवर टाकलेला फोटो पाहून ज्यांनी चौकशी केली होती, त्याच. सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका, माझ्यासारख्याच. मला वाटलं, हक्काचं बोलतील. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती.

त्या मोजे काढून देवघरासमोर खाली बसल्या. यशोदेच्या डाव्या हाताचं तुटलेलं बोट पाहिलं आणि मान हलवली.  चहा दिला, तो हातात धरून ऋचाला मोडक्या इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या.

"आत्याआजी, त्या विचारतायत, मूर्ती तुमच्या वडिलांना कोणी दिली?"

"राखणदारानं," मी म्हणाले.

ऋचानं सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि सांगू लागल्या.

तो राखणदार त्यांचा आजोबा होता. लढाई संपल्यावर गावानं ठरवलं, मूर्ती त्यानंच शिपायांना विकली. लोक त्याच्याशी बोलेनात. त्याच्या मुलांना शाळेत चोराची पोरं म्हणत. रविवारी तो देवळाबाहेर, भिंतीशी उभा राहून प्रार्थना करायचा. मरेपर्यंत सांगत राहिला, मी दिली नाही. बाई मूर्ती न्यायला आल्याच नव्हत्या, दादा. तेवढं एक विचारायला आल्या होत्या.

आणि मी खोटं बोलले होते. जाणूनबुजून.

बापू गेले त्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी होते. तुम्ही सांगलीहून निघाला होतात. ते म्हणाले, "संयू, ती मूर्ती मला कुणी दिली न्हाई गं. देऊळ पडलं हुतं. मी कोनाड्यातनं उचलली. एक म्हातारा आडवा आला, माझी बाही धरली त्यानं. मी ढकलला त्याला. लय हलका हुता." मग रडायला लागले. "तुझ्या आईला देवी घावली, तवापास्नं तोंड उघडता येईना. आन् उदयला सांगू नगंस. त्यो मला लय मानतो."

मी शब्द दिला. बावीस वर्षं पाळला.

बाई दारात बूट घालत होत्या. मी ऋचाला म्हणाले, "थांबव त्यांना." आणि सगळं सांगितलं, ढकलल्याचंसुद्धा. वाटलं, आता त्या बोलतील मला, बोलू देत. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी ऋचाला अर्थ विचारला. ती म्हणाली, "अर्थ नाही, आजोबांचं नाव आहे."

काल साताऱ्याला जाऊन मी हाच जबाब लिहून दिला. साहेब दोनदा म्हणाले, "बाई, वडिलांविरुद्ध जातंय, बघा." मी सही केली. मूर्ती पावती घेऊन त्यांच्या ताब्यात दिली आहे, दिल्लीची परवानगी आली की इटलीला जाईल. देवघरातली जागा मोकळी बघवत नाही, खोटं कशाला सांगू. तुम्ही हरकत मागे घ्यायची की लढायचं, ते तुमच्या हातात. मी भांडणार नाही.

जबाबाची एक प्रत बाईंनी मागून घेतली. त्यांच्या देवळात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार आहेत. आपल्या गावच्या कमानीवर तुम्ही ज्या बापूंचं नाव कोरून घेतलंत, त्यांचं नाव तिथे असं घेतलं जाईल, आणि ते माझ्यामुळे. त्याबद्दल काय म्हणाल ते मी ऐकून घेईन.

पण बापूंना मी रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. तुम्हाला त्यांनी पाहू दिलं नाही. गोळ्यांना न घाबरलेला माणूस तुमच्या नजरेतून उतरायला घाबरत होता. म्हणून हे तुम्हाला कचेरीच्या कागदातून कळू नये, माझ्याकडून कळावं. हे कळूनही तुम्ही त्यांना तितकंच मानाल, असं मला वाटतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

रागावलात तरी वहिनींना हे वाचून दाखवा.

बापूंना दिलेला शब्द मोडलेली,
तुमची
संयू