आधी ओ, मग ताकीद

१२ जून, दुपार

चिरंजीव साहेबांस आईचे भरभरून आशीर्वाद.

मी सांगतेय, तुझी लेक ठमी लिहितेय. अक्षर वाईट आलं तर दोष तुमच्या शाळांचा, मला तर अक्षरच येत नाही.

इकडे सगळं ठीक. पाठ दुखते, पण तिची-माझी आता मैत्री झालीय. मोठी बातमी ठमीची. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारे प्रोग्रॅम असतात म्हणे. ते नीट शोधतात का, हे तपासणारी लायब्ररी ही सांभाळते. पुस्तकांची नव्हे, तयार कोडचं गाठोडं. चोरांवर पोलीस आणि पोलिसांवर तुझी ठमी!

तर बाईंनी त्यातल्या एका कामाचं नाव बदललं नि जुनं पुसूनच टाकलं. वर आवृत्तीचा शेवटचा आकडा तेवढा वाढवला. लोकांना वाटलं, किरकोळ डागडुजी असेल. डोळे मिटून नवी आवृत्ती घेतली, आणि सगळ्यांच्या चाचण्या लाल, म्हणजे नापास! त्यांचे प्रोग्रॅम जुन्या नावानं हाका मारताहेत, ओ द्यायला कुणी नाही. पहिला आकडा बदलला असता तर माणसं सावध तरी झाली असती.

पोरगी जेवेना. नोकरी सोडते म्हणाली. (लिही गं, खोडू नकोस.) मग स्वतःच उठली आणि जुनं नाव परत आणलं. आता त्या नावानं हाक मारली की काम गुपचूप नव्याकडे जातं, वर ताकीद मिळते: हे नाव पुढच्या मोठ्या आवृत्तीत निघणार, सवय बदला. काल सगळं हिरवं झालं, आणि त्या आनंदात तिनं तुला फोन लावला.

तुझ्या ऑफिसातल्या माणसांसमोर मी घरच्या नावानं हाक मारली, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, हे मी लिहायला सांगणारच नव्हते. पण काल मलाही चाचणी घ्यायची हुक्की आली. मागून ओरडले, "भोपळ्या, जेवलास का रे?"

आणि तू रुसवा विसरून म्हणालास, "हो गं आई, आत्ताच."

ठमी म्हणाली, "आजी, हिरवं!" मला तर इतकं हलकं वाटलं की पाठ कुठेय तेच आठवेना.

चारचौघांत यापुढे साहेबच म्हणेन. घरात मात्र जुनं नाव चालू ठेव. आधी ओ दे, मग हवी तेवढी ताकीद दे.

तुझी, अजून पहिल्याच आवृत्तीतली,
आई