नव्याण्णव नंबरचा थेंब

सोमवार, ३ तारीख
नवी नोकरी, नवं शहर आणि बाबाही सोबत, त्यामुळे आज मी भलतीच खुशीत आहे. कंपनी हवामानाची वेबसाइट चालवते. प्रत्येक वस्तीच्या नावापुढे सूर्य, ढग, पाऊस अशी चिमुकली चित्रं असतात. आजवर ती नुसती चिकटवल्यासारखी होती. ती मी हलती करायची. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. माझ्या टेबलावर चहाचे वाळलेले ओघळ होते. ते तीनदा पुसल्याशिवाय मी बसले नाही, तेव्हा मावशी म्हणाल्या की तुझं इथे कठीण आहे. बाबांना घराची गॅलरी फार आवडली. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच कशाबद्दल तरी चांगलं बोलले.

बुधवार, ५ तारीख
ऊन, पाऊस, धुकं झालं. प्रत्येक हवेला एक नंबर असतो आणि नंबराप्रमाणे चित्र दिसतं. नव्याण्णव म्हणजे काय, हे मात्र यादीत नाही. तिथे रिकामा चौकोन येतो. मावशींनी तो रिकामाच ठेवायला सांगितलं, पण का, ते त्यांनाही माहीत नाही. पडलेल्या दातासारखा दिसतो तो. मला राहवेना. मी करड्या ढगाखाली एक जाड थेंब काढला. घाईत तो लोंबता, शेंबडासारखा झाला. तीन सेकंदांचं चित्र पुन्हा पुन्हा चालताना उचकी लागल्यासारखं अडखळू नये म्हणून नेहमीची युक्ती केली: थेंब खाली आला की तेच चित्र उलटं चालवायचं, म्हणजे तो आल्या वाटेने वर जातो. दिसायला घाण, पण हलतो झकास.

शुक्रवार, ७ तारीख
पाण्याच्या टाकीजवळच्या वस्तीच्या नावापुढे आज नव्याण्णव आला. दुपारी तिथल्या एका शिंप्याचा ई-मेल आला. आभाळातून कोमट, चिकट काहीतरी लोंबतं, टेकतं आणि परत वर जातं. दोरीवरचे कपडे घेऊन गेलं. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. माझा डबा तसाच राहिला.

सोमवार, १० तारीख
जाऊन पाहिलं. मनगटाएवढा जाड थेंब. आत केस, नखं, कसलीशी साल. एका मांजरीच्या पाठीला टेकला आणि तिची कातडी ताणत वर गेला. मांजर ओरडली सुद्धा नाही, डोळे मिटून घेतले तिने. हे माझंच चित्र आहे. वेगसुद्धा तोच.

मंगळवार, ११ तारीख
सकाळी चित्र काढून टाकलं आणि थेंब थांबले. दुपारी साहेबांनी ते परत लावलं. ते बघायला वेबसाइटवर झुंबड उडाली आहे, साहेब हवेत आहेत. मी हातापाया पडले. मावशींनी माझ्याकडे पाठ फिरवली. बरोबरच केलं त्यांनी.

बुधवार, १२ तारीख
आमच्या गल्लीच्या नावापुढे नव्याण्णव. बाबांना फोन केला, गॅलरीत जाऊ नका म्हटलं. ते म्हणाले की जाऊन आलो, छान उबदार आहे, चव जरा खारट.
चव.
त्यांनी चाटलं. माझ्या बाबांनी ते —

गुरुवार, १३ तारीख
हे गॅलरीत, फोनवर लिहितेय. एक हात बाबांच्या कमरेभोवती. थेंब त्यांच्या खांद्याला चिकटलाय. दर तीन सेकंदांनी वर ओढतो — खांद्याची कातडी पदरासारखी लोंबतेय — आणि ते हसताहेत. मी सोडलं तर जातील. माझ्या बाहीला तो लागलाय. वास येतोय, शिळ्या थुंकीचा —

चित्र काढलं तर साहेब पुन्हा लावतील. त्यांना कळणार नाही असं करते. फाइलचं नाव तेच ठेवते. फोनवरूनच फक्त उलटा भाग कापते. वर जाणंच नको.

कापलं.

सुटले. बाबा माझ्या मांडीवर. श्वास चालू आहे. देवा —

थेंब आता वर जात नाहीत. नुसते पडताहेत. एकावर एक. शर्ट. केसांचा गुंता. मांजरीचं काहीतरी. इतके दिवस वर गेलेलं सगळं — चघळलेलं, कोमट — गॅलरीत घोट्यापर्यंत आलं. बाबांचं डोकं उचलून धरलंय, पण त्यांनी तोंड उघडलंय. मी हाताने झाकतेय, ते माझी बोटं बाजूला सारताहेत, आणि माझ्या ओठांवरही आत्ता काहीतरी —

खारट आह